शिकायला गेलाय की फिरायला?

फेब्रुवारीच्या मध्याला जर्मनीतल्या विद्यापीठांचे वर्ग संपतात आणि इकडे पुण्या-नाशिकातल्या घरांत एक प्रश्न डोकं वर काढतो. पोराच्या स्टेटसवर प्रागचा पूल दिसला, दोन दिवसांनी बुडापेस्टची नदी दिसली, की काकांचा फोन आलाच. "अहो, याला शिकायला पाठवलंय की फिरायला?"

काका, दोन्हीला.

पैशांचा हिशोब करायचा असेल तर नीट करू. जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे 11,904 युरो आधी भरून दाखवावे लागतात. त्यातले महिन्याला 992 युरो हातात पडतात. खोलीचं भाडं, आरोग्य विमा, किराणा, मोबाइल. संपले. यात व्हिएन्ना कुठे बसतं?

बसत नाही. म्हणून पोरं कामाला जातात. परदेशी विद्यार्थ्याला तिथे वर्षात 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस काम करायची मुभा आहे. 2026 पासून किमान वेतन तासाला 13.90 युरो आहे. म्हणजे 400 युरोंच्या सहलीसाठी गोदामात उभं राहून जवळजवळ 29 तास पार्सलं उचलायची. घरी ज्याने जेवलेलं ताट कधी उचललं नाही, त्याने स्वतःच्या मजुरीवर काढलेली ही पहिली सहल. तिला उधळपट्टी म्हणायचं?

आणि जे म्हणतात, त्यांचीच यादी व्हॉट्सॲपवर सगळ्यात आधी येते. चॉकलेटं, परफ्यूम, फ्रिजवर लावायचे मॅग्नेट.

शिवाय ती सुट्टी नावापुरतीच मोकळी असते. परीक्षा त्याच काळात, लॅबचे रिपोर्ट त्याच काळात, पुढच्या इंटर्नशिपचे अर्जही त्याच काळात. त्यातून सात-आठ दिवस कसेबसे निघतात, तेवढ्यात पोरं पाठीवर सॅक टाकून बाहेर पडतात. पडावंच. नोकरी लागली की रजा मोजून मिळते. लग्न झालं की दोन घरांचं वेळापत्रक. चार मित्र, एक सॅक आणि कोणाला उत्तर द्यायची गरज नाही, हे दिवस पुन्हा मिळत नाहीत.

इथवर पोरांची बाजू. आता पोरांनो, तुमच्याकडे वळू.

आठ दिवसांत सात शहरं करायला तुम्हाला कोणी सांगितलं?

तुमची एक्सेल शीट बघवत नाही. साडेनऊला आयफेल, साडेअकराला लूव्र, दीडला जेवण, अडीचला नोत्र दाम, रात्री दहाला बस. लूव्रला दोन तास आणि अख्ख्या पॅरिसला साडेबारा. हॉस्टेलचे पैसे वाचावेत म्हणून रात्र बसमध्ये काढायची. सप्टेंबर 2024 पासून जर्मनीने आपल्या सगळ्या जमिनी सीमांवर तपासणी लावली आहे, त्यामुळे तिथे परतताना पहाटे तीनला पोलीस बसमध्ये चढू शकतात. पासपोर्ट काढा, रेसिडेन्स परमिट काढा. दुसऱ्या दिवशी डोळे सुजलेले आणि नव्या शहरात पहिली शोधाशोध कॉफीची. पण शीटमधला चौकोन मात्र हिरवा झालेला असतो.

ही पद्धत आली कुठून? घरातूनच. दिवाळीच्या सुमारास काकांनी आणलेल्या सहल कंपनीच्या रंगीत पत्रकातून. बारा दिवस, आठ देश, रोज भारतीय जेवण. काकांना पुतण्याचं फिरणं खुपतं, पण पुतण्या फिरतोय ते अगदी काकांसारखंच.

काकांचं समजण्यासारखं आहे. साठीत एकदाच जमतं, भाषा येत नाही, गुडघे बोलतात. त्यांनी आठ देश बसच्या खिडकीतून पाहिले तर त्यांना कोणी बोल लावू नये. पण तुम्ही तिथेच राहता! म्युनिकहून व्हिएन्ना रेल्वेने चार तासांवर. तुमच्या परमिटवर इतर शेंगेन देशांत कुठल्याही 180 दिवसांत 90 दिवस हिंडता येतं. यंदा राहिलं ते पुढच्या सत्रात. मग घाई कसली?

रीलची.

प्रागच्या जुन्या चौकात 1410 सालचं खगोलीय घड्याळ आहे. तासाला ठोके पडायच्या आधी दहा मिनिटं खाली गर्दी जमते. मग डावी-उजवीकडचे पुतळे हलतात, एक सांगाडा दोरी ओढून घंटा वाजवतो, वरच्या दोन खिडक्यांमागून येशूचे शिष्य सरकतात आणि कारभार आटोपतो. तो सांगाडा म्हणजे मृत्यू. दुसऱ्या टोकाला आरशात तोंड बघणारा एक पुतळा आहे, तो म्हणजे माणसाचा पोकळ गर्व. खाली शेकडो माणसं फोनच्या पडद्यात केस सारखे करत उभी असतात आणि तो बरोबर त्यांच्या डोक्यावर असतो. सहाशे वर्षांपूर्वीच्या घड्याळावरून तुमच्याकडे बोट दाखवलं जातंय आणि तुम्ही पाठ करून उभे!

पॅरिसमध्येही पाठच. मोनालिसा 77 सेंटिमीटर उंच आणि 53 सेंटिमीटर रुंद. तिच्यासमोर रेटारेटी. नेमक्या समोरच्या भिंतीवर व्हेरोनेझेने रंगवलेली लग्नाची पंगत आहे, जवळजवळ दहा मीटर रुंद. त्यात वाढपी आहेत, वादक आहेत, कुत्री आहेत. नेपोलियनच्या फौजेने 1797 मध्ये व्हेनिसहून उचलून आणलेला तो ऐवज आहे. तिथे उभं राहायला भरपूर जागा असते.

तिकिटाचं तर विचारूच नका. 14 जानेवारी 2026 पासून लूव्रने युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरून येणाऱ्यांसाठी तिकीट 32 युरो केलं. यावर चिडायचं तर जरूर चिडा, पण आधी नियम पूर्ण वाचा. त्या क्षेत्रात राहणाऱ्या 26 वर्षांखालच्या प्रत्येकाला लूव्र फुकट आहे. राहणाऱ्या! नागरिक असायची अट नाही. जर्मनीचं रेसिडेन्स कार्ड खिशात असलेला सांगलीचा 24 वर्षांचा मुलगा त्यात बसतो. व्हर्सायच्या राजवाड्यातही तो तसाच जाऊ शकतो. तरी शीटमध्ये 'लूव्र 32' असं टाकून चौघं 128 युरो मोजतात. ती नऊ तासांपेक्षा जास्त पार्सलं झाली.

हक्काचं सोडायचं आणि खर्चाचं धरायचं, याला काटकसर म्हणत नाहीत.

व्हिएन्नाचंही तेच. स्टेट ऑपेराबाहेर पायऱ्यांवर फोटो काढून सगळे पुढे जातात, कारण आतली तिकिटं परवडत नाहीत हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलेलं असतं. त्याच ऑपेरात उभ्याने ऐकायच्या जागा असतात, त्यांचं तिकीट बसायच्या तिकिटांपुढे अगदी किरकोळ. आत गेलं की समोरच्या कठड्याला आपला स्कार्फ बांधायचा. जागा तुमची. मग खुशाल बाहेर फिरून या, कोणी हात लावत नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांच्या मुलांना हे शिकवायला नको. शब्द समोरच्या छोट्या पडद्यावर वाचता येतात. पाय दुखतील. पण 24 व्या वर्षी पाय नाही दुखवायचे तर कधी?

आता मित्रांचं.

वर्गात कोलंबियाची मुलगी आहे, व्हिएतनामचा मुलगा आहे, इराणी आहे, दोन जर्मन आहेत. वर्षभर एकत्र प्रोजेक्ट केले. सहलीला कोण? वाकडचा एक, औंधचा एक, नाशिकचे दोन आणि कोणाच्या तरी मावसबहिणीची रूममेट. आठ दिवस मराठीत गप्पा, बॅगेत चिवडा आणि दाण्याची चटणी, संध्याकाळी इंडियन रेस्टॉरंटचा शोध. चिवड्याबद्दल तक्रार नाही, तो प्रवासात लागतोच. पण इराणी मित्राबरोबर इस्तंबूल किंवा ग्रीस बघण्यात वेगळी गंमत आहे. वाकडच्या मित्राबरोबर पाच वर्षांनीही कुठेही जाता येईल. वर्गातली ही मंडळी पदवी घेऊन पांगली की कुठे शोधणार त्यांना?

आणि एक गोष्ट कोणी बोलत नाही. प्रत्येक गटात एक जण ऐन वेळी "अरे, माझं असाइनमेंट आहे" म्हणून मागे राहतो. असाइनमेंट नसतं. पैसे नसतात. घरचं कर्ज असतं, हप्ते सुरू व्हायचे असतात, काम मिळालेलं नसतं. आणि चारचौघांत हे सांगायची लाज वाटते. बाकीचे समजून न समजल्यासारखं करतात आणि निघतात.

हे चालणार नाही.

सहलीचं बजेट कोणाच्या हौसेवर ठरवायचं नसतं, सगळ्यात हलक्या खिशावर ठरवायचं असतं. पाच शहरांऐवजी एक करा. स्वस्त विमानाच्या तिकिटाला भुलून, फ्रँकफुर्टच्या नावाने विकलं जाणारं पण तिथून सव्वाशे किलोमीटरवर असलेलं हान विमानतळ गाठण्यापेक्षा रीजनल गाडीने जवळच्या गावी जा. हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात खिचडी टाका. पण चौघांचे पाच होऊ द्या. स्प्लिटवाइजवर सेंटपर्यंत हिशोब ठेवणाऱ्यांना एवढा हिशोब कळायला हवा.

पासपोर्टचाही हिशोब ठेवा. जर्मन मित्र म्हणतो, चला लंडनला, तिकीट स्वस्त आहे. त्याला व्हिसा लागत नाही, ऑनलाइन परवानगी काढून लाल पासपोर्ट दाखवला की काम झालं. तुमच्या शेंगेन परमिटवर ब्रिटनचं दार उघडत नाही, आयर्लंडचंही नाही. उलट ब्रिटनमध्ये शिकणाऱ्या आपल्या मुलांना ईस्टरच्या सुट्टीत पॅरिस बघायला शेंगेन व्हिसा लागतो. जून 2024 पासून त्याची फी 90 युरो. व्हिसा नाकारला तरी फी परत नाही. बँकेची स्टेटमेंट्स, विद्यापीठाचं पत्र, हॉटेलचं बुकिंग आणि अपॉइंटमेंटची वाट. वर्गमित्र आदल्या रात्री ठरवतो, आपल्याला महिने आधी ठरवावं लागतं. यात आपल्या पोरांचा दोष काय?

अमेरिकेत तर याहून अवघड. तिथे मार्चमध्ये आठवडाभर स्प्रिंग ब्रेक. अमेरिकी मुलं मेक्सिकोच्या किनाऱ्यावर जातात. मार्च 2025 मध्ये मात्र ब्राउन विद्यापीठाने आपल्या परदेशी विद्यार्थ्यांना सुट्टीच्या तोंडावर कळवलं, की शक्यतो देशाबाहेरचा प्रवास पुढे ढकला. परत येताना विमानतळावर काय होईल याची खात्री नव्हती. कागद सगळे चोख असून मुलांनी सुट्टी खोलीत काढायची. त्या आठवड्यात काकांनी "फिरायला कुठे गेला नाहीस?" म्हणून फोन केला असता तर बरं झालं असतं.

म्हणून ज्यांना जाता येतं, त्यांनी नीट जावं.

बुडापेस्टला डॅन्यूबच्या काठावर, पार्लमेंटपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर, लोखंडी बूट आहेत. साठ जोड. पुरुषांचे, बायकांचे, लहान मुलांचे. काहींच्या टाचा झिजलेल्या, काहींची लेस सुटलेली. 1944-45 च्या हिवाळ्यात हंगेरीच्या ॲरो क्रॉस या फॅसिस्ट टोळ्यांनी ज्यूंना इथे आणलं, बूट काढायला लावले, कारण बुटांना किंमत होती, आणि काठावर उभं करून गोळ्या घातल्या. प्रेतं नदीने नेली. 2005 पासून हे स्मारक तिथे आहे. लोक बुटांत फुलं ठेवतात, दगड ठेवतात, मेणबत्ती लावतात.

आणि काही जण त्या बुटांशेजारी आपले स्नीकर्स ठेवून फोटो काढतात.

ऑशविट्झच्या स्मारकाला 2019 मध्ये जाहीर विनंती करावी लागली, की रुळांवर तोल सांभाळत चालण्याचे फोटो इथे काढू नका. त्या छावणीत सुमारे 11 लाख माणसं मारली गेली. तिथे जाणाऱ्याला हे सांगावं लागतं? लागतं, कारण शीटमध्ये त्या जागेला दोन तास दिलेले असतात आणि वाचायला शून्य मिनिटं.

वाचून गेलं की आपलंही काही सापडतं. वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. कोल्हापूरजवळ वळिवड्याला 1943 ते 1948 या काळात सुमारे 5,000 पोलिश निर्वासित राहिले, त्यांची आठवण म्हणून. सायबेरियातून सुटून आलेल्या बायका, मुलं, म्हातारी माणसं. युरोपने घराबाहेर काढलेल्यांना आपल्या करवीर भूमीत आसरा मिळाला. कोल्हापूर-इचलकरंजीची किती मुलं वॉर्सात जातात, जुन्या शहराचा फोटो टाकतात आणि या स्मारकापाशी न जाता परततात? तिथे उभं राहून एखाद्या पोलिश आजोबांना "मी कोल्हापूरचा" एवढं म्हणून तर बघा.

इटलीत तर आपली माणसं पुरलेली आहेत. यशवंत घाडगे, रायगड जिल्ह्यातल्या माणगावचे, मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक. 10 जुलै 1944 रोजी टायबरच्या वरच्या खोऱ्यात त्यांनी जर्मन मशीनगनच्या ठाण्यावर एकट्याने चाल केली आणि तिथेच पडले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वय 22. तुमच्याच वर्गातलं वय. त्यांचं नाव रोम आणि नेपल्सच्या मधल्या कासिनोच्या स्मारकावर कोरलेलं आहे. रोम-नेपल्स तर सगळेच करतात. कासिनोला किती जण उतरतात?

नऊ महिन्यांनी, एप्रिल 1945 मध्ये, सेनिओ नदीवर जखमी सोबत्यांना पाठीवर घेऊन पाणी ओलांडणारे नामदेव जाधव नगर जिल्ह्यातले. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. ते परत आले. या दोघांना कोणी विचारलं नव्हतं, युरोपला जायचं आहे का म्हणून.

आणि शेवटी फ्लॉरेन्स.

1870 साली कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज युरोप बघायला निघाले. वय 20. बरोबर सोबती, हातात वही. इंग्लंडमध्ये कोणाला भेटलो, काय पाहिलं, कुठे गेलो, हे त्यांनी इंग्रजीत लिहून ठेवलं आणि ती रोजनिशी 1872 मध्ये पुस्तकरूपाने छापली गेली. दीडशे वर्षांनंतर आपण ती वाचू शकतो. तुमच्या फोनमधले या सहलीचे हजारो फोटो पुढचा फोन घेईपर्यंत तरी राहतील का? मग रात्री झोपताना चार ओळी लिहायला काय हरकत आहे? मराठीत लिहा, कोणी तपासणार नाही.

महाराज परत आले नाहीत. घरी येण्याच्या वाटेवर 30 नोव्हेंबर 1870 रोजी फ्लॉरेन्समध्येच गेले. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला गेला. चार वर्षांनी तिथे छत्री उभी राहिली, आत त्यांचा रंगीत अर्धपुतळा बसवला. ती छत्री चार्ल्स मँट यांची, ज्यांनी पुढे कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचा आराखडा केला. जवळच्या पुलालाही 'इंदियानो'च म्हणतात. फ्लॉरेन्सच्या लोकांनी एका मराठी मुलाची आठवण इतकी जपली आहे. आपल्यातले बहुतेक जण दाविदचा पुतळा, घुमट आणि जिलातो करून त्याच संध्याकाळची रोमची गाडी पकडतात.

तेव्हा यंदा फ्लॉरेन्सला जाणार असाल तर दोन रात्री राहा. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्यालाही घेऊन जा. उफीझीचं संग्रहालय सोमवारी बंद असतं, त्या दिवशी काशिने बागेत शिरा आणि पश्चिमेच्या टोकापर्यंत चालत जा. छत्री तिथेच आहे. तिकीट लागत नाही.